पाटा हजर

लेकीच्या शाळेतून शिबिराचा कागद आला, तेव्हा मी कणीक मळत होते. टोपी आणा, मोबाईल आणू नका, डासांचं मलम आणा, घरचा खाऊ आणू नका, अशी मारुतीच्या शेपटासारखी यादी होती. ठिकाण अगदी शेवटच्या ओळीत होतं. खर्डा. मी पिठाच्या हातानंच सही केली आणि कागदावर अंगठ्याचा पांढरा ठसा उमटला. लेक म्हणाली, आई, वाचलंस तरी का नीट? मी म्हटलं, वाचलं. खरं तर त्या एका शब्दाच्या पुढचं-मागचं मला काही दिसलंच नव्हतं.

सावेडीच्या आमच्या घरात एक खण असा आहे, की त्यात काय ठेवायचं ते ठरलेलं नाही आणि म्हणून सगळंच त्यात आहे. संपलेले सेल, कुठल्या कपाटाच्या ते विसरलेल्या चाव्या, आईचा मोडक्या काडीचा चष्मा. अगदी तळाशी एक पत्र्याची शिट्टी आहे. दर दिवाळीच्या आवराआवरीत ती हाताला लागते आणि दर दिवाळीला मी ती पुन्हा तळाशी सारते. नवऱ्यानं एकदा विचारलं होतं, ही कुणाची? मी म्हटलं, अर्धी माझी आहे. त्याला वाटलं मी थट्टा करतेय. शिबिर संपायच्या दिवशी लेकीला आणायला निघाले, तेव्हा ती शिट्टी रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकली.

जामखेडच्या रस्त्यावरच्या पाट्या बदलल्यात. सगळीकडं अहिल्यानगर झालंय, माझ्या जिभेवर मात्र अजून नगरच आहे. कडेचा तरवड तेवढा तसाच पिवळाधमक. समोरून ऊसतोडीला निघालेले ट्रक येत होते. बाजली, पातेली, कोंबड्यांची खुराडी, चटयांच्या वळकट्या आणि सगळ्यांच्या वर बसलेली माणसं. प्रत्येक ट्रक बाजूनं जाईपर्यंत मी वरच्या पोरींचे चेहरे बघत होते. कुणाला शोधत होते कोण जाणे. जिला शोधायचं ती आता माझ्याच वयाची असणार, हे कळत होतं तरी नजर पोरींकडंच जात होती.

मी अकरा वर्षांची होते. भाऊबीज झाली, की दुसऱ्या दिवशी नगरची आम्ही वीसेक मुलं आणि खर्ड्याची, आसपासच्या वस्त्यांवरची तेवढीच, अशी पाच दिवस किल्ल्याजवळच्या शाळेत राहायची. शिबिर कुमुदताईंचं. खादीची साडी आणि पायात कॅनव्हासचे पांढरे बूट, असा त्यांचा अवतार असायचा. पहिल्या सकाळी त्या लाडवाचा रिकामा डबा हलवत यायच्या. त्यात चिठ्ठ्या. एक चिठ्ठी शहरातल्या मुलानं काढायची, एक गावातल्यानं, आणि जोडी जमवायची. सुई आणि दोरा. रवी आणि ताक. चूल आणि फुंकणी. मला वरवंटा मिळाला. मी तेव्हा चांगलीच गरगरीत होते, त्यामुळं सगळं शिबिर खो-खो हसलं. मी रडकुंडीला येऊन पाटा कोण ते शोधत होते, तेवढ्यात एक काटकुळी मुलगी समोर येऊन उभी राहिली आणि चिठ्ठी माझ्याकडं वळवून धरत म्हणाली, पाटा म्याच हाय.

तिचं नाव सोजर. तेलानं चापून बसवलेले केस, आणि हातात स्वतःची जर्मनची ताटली. ताटलीवर तिच्या बापाचं नाव ठिपक्याठिपक्यांनी ठोकलेलं होतं. पाच दिवस ती त्याच ताटलीत जेवली आणि जेवण झालं की ते नाव राखेनं घासून लख्ख करून ठेवायची. जोड्यांची नावं ऐकून तिला गंमत वाटली होती. आमच्यात जोडीला कोयता म्हनत्यात, असं ती म्हणाली. आम्हाला कळेना. मग तिनं समजावून सांगितलं, की ऊसतोडीला जाताना नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आणि एकटं माणूस असलं तर तो अर्धा कोयता. आम्ही शहरातली मुलं त्यावरही हसलो. हसायला आम्हाला काहीही चालायचं.

ताईंच्या शिबिरातली हजेरी जगावेगळी होती. ज्याचं नाव पुकारलं जाईल त्यानं तोंड उघडायचं नाही. त्याच्या जोडीदारानं आधी त्याच्याकडं बघायचं आणि मग म्हणायचं, हजर. स्वतःची हजेरी कुणीही देतं, दुसऱ्याची देता आली पाहिजे, असं ताईंचं म्हणणं. पहिल्या दिवशी सगळा गोंधळ झाला, जो तो आपल्याच नावाला ओ देत सुटला. तिसऱ्या दिवसापर्यंत मात्र आमचं असं बसलं, की ताईंनी "पाटा" म्हणायचा अवकाश, माझी मान आपोआप डावीकडं वळायची. तिथं सोजर असायचीच. जोडीदार नसला तर तसं सांगायचं, आणि त्या जोडीचे पाच गुण जायचे.

त्या पाच दिवसांतलं काय काय सांगू. सकाळी गार पाण्यानं आंघोळ, आणि मग मैदानावर चुलीचा धूर आणि दव पडलेल्या गवताचा वास एकत्र व्हायचा. हुलग्याचे शेंगोळे असायचे, इतके तिखट की नाक पुसत खायचे. लगोरी, विषामृत, रस्सीखेच. रस्सीखेचीत माझ्या वजनाला पहिल्यांदाच मान मिळाला, मला दोराच्या शेवटी बांधायचे आणि आमची बाजू हलायची नाही. तीन पायांच्या शर्यतीला सोजरनं आईच्या जुन्या लुगड्याचा काठ आणला होता. त्यानं माझा डावा आणि तिचा उजवा पाय बांधला. पहिल्यांदा आम्ही तोंडावर आपटलो. मग ती म्हणाली, तू मोजू नको, नुसती माज्यासंगं श्वास घे. आम्ही पहिल्या आलो.

ती दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारायची. किल्ल्याच्या बुरुजावर उभी राहून मारली, की खाली रस्त्यावरचे बैलसुद्धा थबकायचे. मला ती विद्या शेवटपर्यंत आली नाही. नुसती थुंकी उडायची. म्हणून मला ती बक्षिसाची शिट्टी हवी होती. सगळ्यांत जास्त गुणांच्या जोडीला ताईंची पत्र्याची शिट्टी मिळायची. एकच. सहा महिने एकीकडं ठेवायची, सहा महिने दुसरीकडं, पोस्टानं पाठवायची. त्या निमित्तानं पत्र जाईल, हा ताईंचा डाव.

एक खेळ होता डोळे बांधून चालायचा. जोडीतल्या एकीनं डोळे बांधायचे, दुसरीनं तिला किल्ल्याच्या आतून नेऊन आणायचं. सोजरनं मला नेलं. पाय उचल, आजून, आता ठिव. वाक जरा. तिचा तळहात खरखरीत होता आणि मी सगळा भार त्यावर टाकून बिनघोर चालत होते. माझी पाळी आली, तेव्हा वाटेत सावेडीच्या मैत्रिणी भेटल्या. त्या काहीतरी बोलल्या, मी त्यांना काहीतरी बोलले, आणि तेवढ्यात सोजर सरळ सराट्यांत गेली. अनवाणी होती. मी घाबरून सॉरी सॉरी करत राहिले. ती दगडावर बसली, एकेक सराटा उपसून काढला आणि एवढंच म्हणाली,

"बोलायचं आस्तं गं. दिसत न्हाई त्याला बोलायचं आस्तं."

चौथ्या दिवशी दुपारी भांडी घासताना तिनं मला सांगितलं, की थोरल्या बहिणीचं लग्न झाल्यामुळं या साली आई-बापाबरोबर ऊसतोडीला तिला जायचं होतं. धाकटा भाऊ सांभाळायला आणि कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या पाचटाच्या खोपटात, भाकरी थापायला. शाळा सुटणार होती. पण ताईंनी तिला सांगून ठेवलं होतं, की वसतिगृहात जागा आहे, तुझ्या वडलांशी मी बोलते. टोळी शिबिर संपल्यावर दुसऱ्या दिवशी निघणार होती, म्हणजे वेळ होता. ताई बोलल्या तर बाप न्हाई म्हनायचा न्हाई, असं ती राख चोळता चोळता म्हणाली. तिनं ते दोनदा म्हटलं, म्हणजे तिलाही खात्री नव्हती.

शेवटच्या दिवशी आम्ही तीन गुणांनी पुढं होतो. नुसती हजेरी उरली होती, मग पाहुण्यांचं भाषण आणि बक्षीस. हजेरीच्या थोडं आधी सोजरचा चुलता सायकलवर निरोप घेऊन आला. मुकादमानं ट्रक आजच आणला होता. मैदानाच्या पलीकडं, रस्त्यावरच्या लिंबाखाली सामान चढवणं चाललं होतं, इथून दिसत होतं. सोजर माझ्याजवळ आली. पळत आल्यामुळं तिला दम लागला होता.

"म्या बापाला धरून ठिवती," ती म्हणाली. "हजेरीला माजं नाव आलं की ताईला सांग, सोजर गाडीपाशी हाय, बिगीबिगी या."

तिनं ते मला परत म्हणायला लावलं. मी म्हटलं. शब्द न शब्द बरोबर म्हटलं. मग ती लिंबाकडं पळाली.

ताई हजेरीची वही घेऊन उभ्या होत्या. सुई हजर, रवी हजर, फुंकणी हजर. माझ्या डोक्यात एकच हिशेब चालला होता. ती नाही म्हटलं तर पाच जाणार. तीनची आघाडी गेली की शिट्टी रवीला. आणि दहा मिनिटांचा तर प्रश्न. बक्षीस घ्यायचं आणि लगेच ताईंना सांगायचं. सामान चढवायलाच त्यांना अर्धा तास लागेल. अकरा वर्षांच्या मुलीला एवढा युक्तिवाद सुचतो, याचं मला आजही नवल वाटतं.

"पाटा."

माझी मान सवयीनं डावीकडं वळली. तिथं कुणी नव्हतं. मी म्हटलं, हजर.

मग सरपंचांचं भाषण झालं. ते लांबलं. त्या भाषणात मी दहा वेळा उठून ताईंकडं जाऊ शकले असते. ताई पाहुण्यांबरोबर पुढं बसल्या होत्या आणि मध्येच उठणं बरं दिसत नाही, असं मी स्वतःला सांगत होते. एरवी मला बरं दिसण्याची कधी पर्वा नव्हती. आमचं नाव पुकारलं. मी एकटीच पुढं गेले. ताईंनी विचारलं, पाटा कुठाय? मी म्हटलं, पाणी प्यायला गेलीय. त्या हसल्या आणि त्यांनी शिट्टी माझ्या गळ्यात घातली. टाळ्या वाजत होत्या, तेवढ्यात ट्रकचा भोंगा वाजला आणि त्याच्या मागोमाग दोन बोटांची शिट्टी. लांबलचक. तसली शिट्टी त्या शिबिरात एकटी सोजर मारायची. ताईंनी आधी रस्त्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी खाली पाहिलं. मग ते पांढरे बूट मैदानावरून धावत सुटले.

लिंबाखाली पोचल्या तेव्हा तिथं नुसता धुरळा होता. ताई बराच वेळ रस्त्यावर उभ्या राहिल्या. परत आल्या आणि मला काही म्हणाल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, थोडं तरी फिटलं असतं. पुढच्या वर्षी मी शिबिराला गेले नाही. शिट्टी सहा महिन्यांनी पाठवायची होती. कुठं पाठवणार? उसाच्या फडाला पत्ता कुठला असतो? ताईंना विचारता आलं असतं. ते माझ्याच्यानं झालं नाही, आणि मग ताईही गेल्या.

परवा त्या मैदानावर पोचले तेव्हा ते ओळखू येईना. दोरांचा झुलता पूल, प्लॅस्टिकची शिरस्त्राणं, एकसारखे निळे टी-शर्ट. लेक पुलाच्या मधोमध होती, मला बघून हात हलवण्याच्या नादात डगमगली आणि खदखदून हसली. मुलं मजेत होती, उगाच नावं ठेवण्यात अर्थ नाही. हजेरी मात्र मनगटावरच्या नंबराची होती. ज्याचा नंबर त्यानंच ओ द्यायची. सतरा. येस सर. अठरा. येस सर.

पत्र्याच्या शेडमध्ये बचतगटाच्या बायका मुलांच्या जेवणाच्या भाकऱ्या थापत होत्या. मी तिथं उगाच घुटमळले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, प्रत्येकीला माझं येणं कळलंय असं वाटत होतं. शेवटी विचारलं, इकडं सोजर नावाची कुणी होती का हो? लहानपणी या शिबिरात यायची.

तव्यापाशी बसलेल्या बाईनं मान वर केली नाही. भाकरी परतली आणि म्हणाली,

"कोन, पाटा का?"

मग तिनं वर पाहिलं आणि हसली. पुढचा एक दात नव्हता. डाव्या हाताचा अंगठा वाकडा होता, तिनं पीठ झटकून माझा हात धरला तेव्हा लक्षात आलं. तळहात तसाच खरखरीत होता. वरवंटा लईच वाळला की, म्हणाली. शेजारच्या बायकांना तिनं आमची सगळी गोष्ट सांगितली, लुगड्याच्या काठासकट. मला बसायला पोतं दिलं. बारा-तेरा हंगाम तिनं ऊस तोडला होता. आधी भाऊ सांभाळला, मग लग्न झालं आणि नवऱ्याबरोबर एक कोयता झाली. गुडघे गेल्यावर घरी बसली. पोरगी जामखेडला वसतिगृहात राहून बारावी करते. तिला फडावर एक दिस नेली न्हाई, हे सांगताना तिनं भाकरी जरा जोरात थापली.

"त्या दिशी म्या गाडीत वर बसल्ते," ती म्हणाली. "समदं आईकू येत हुतं. ताईनं नाव घेतलं आन तू हजर म्हनलीस. बरं वाटलं बग. आपल्यापायी हिचं गुन गेलं न्हाईत."

मी पोत्याची सुटलेली दशी ओढत बसले.

"ताई तेवढ्या आल्या न्हाईत," सोजर म्हणाली. "तू सांगितलं आसशीलच. मोट्या मानसांचं तसंच आस्तं, बोलायच्या वक्ताला बोलत्यात, करायच्या वक्ताला नस्त्यात. मागं एकदा जामखेडच्या स्टँडवर दिसल्या हुत्या. म्हाताऱ्या झाल्त्या. मला वळकलं त्यांनी, हाक बी मारली. म्या तोंड फिरवलं."

हे तिनं रागानं सांगितलं नाही. कधीचं मिटलेलं काही सांगावं, तसं सांगितलं. माझ्या मनात आलं, गप्प बसावं. तिच्याजवळ त्या दिवसाचं एक बरं राहिलेलं आहे, ते तिच्यापाशीच राहू द्यावं. शिळ्या कढीला ऊत कशाला? पण त्या स्टँडवर उभ्या राहिलेल्या ताई डोळ्यांपुढून हलेनात. हाक मारून झाल्यावर त्यांनी हात खाली घेतला असेल. दिसत नाही त्याला बोलायचं असतं, हे मला सोजरनंच सांगितलं होतं.

मी म्हटलं, "सोजर, ताईंना मी सांगितलंच नाही. गुण जातील म्हणून हजर म्हटलं. नंतर सांगू म्हणून बसले. तुझी शिट्टी ऐकून त्या धावत गेल्या रस्त्यावर. तू गेली होतीस."

तिचा हात परातीत तसाच राहिला. तव्यावरची भाकरी फुगली, फाटली, कडेनं करपायला लागली. शेजारच्या बाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग सोजरनं भाकरी नुसत्या हातानं उचलून बाजूला ठेवली.

"मंजी," ती म्हणाली, "ताई आल्या असत्या."

मी मान हलवली. पर्समधून शिट्टी काढली आणि रुमाल उलगडून तिच्यासमोर धरली. तिनं ती पाहिली. घेतली नाही. चुलीशेजारच्या दगडाकडं हात करून म्हणाली, ठिव तितं. मी ठेवली. तिनं पिठाचा नवा गोळा घेतला आणि थापायला लागली. थोड्या वेळानं पुन्हा एकदा, माझ्याशी नाही, नुसतीच म्हणाली, आल्या असत्या.

जेवणाची वेळ झाली, मुलं ताटं घेऊन रांगेत आली. मी उठले. लेकीची बॅग उचलली, तिचे ओले बूट, अर्धवट विणलेली दोरी, सगळं गोळा केलं. ती वाटभर पुलाचं सांगत होती. फाटकापाशी मी तिला म्हटलं, तू गाडीत बस, मी आलेच. आणि तिथं शेडकडं पाठ करून उभी राहिले.

मागून सोजरनं "पाटा" अशी हाक मारली असती, तर हजेरीच्या नियमानं मला वळून तिच्याकडं बघावं लागलं असतं आणि उत्तर द्यावं लागलं असतं. या वेळी खरं उत्तर देता आलं असतं. शेडमधून भाकऱ्या थापल्याचा आवाज येत होता, एकसारखा. लेकीनं दोनदा हॉर्न वाजवला. मी आणखी जरा वेळ थांबले. सोजरनं हाक मारली नाही.